इंजिन सगळ्यात शेवटी

मंडळी, हॉट रॉड, म्हणजे वेगासाठी इंजिन-गिअरबॉक्स बदलून नव्याने बांधलेली जुनी गाडी, बांधायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: इंजिन कुठलं टाकणार? मी आज उलट्या टोकाकडून, म्हणजे मागच्या टायरपासून येणार आहे. समोर एक गाडी ठेवूनच बोलू, नाहीतर सगळं हवेत राहील. गाडी 1932 ची फोर्ड. सामान्य माणसाला परवडणाऱ्या गाडीत व्ही-एट इंजिन पहिल्यांदा आलं ते हिच्यात: 221 घन इंच, म्हणजे साधारण 3.6 लिटर, आणि 65 अश्वशक्ती. दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं असल्या फोर्डचे मडगार्ड काढून तिथल्या कोरड्या, सपाट तळ्यांवर पळवायची. त्यांच्या क्लबांनी 1937 मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली, ती आजही स्पर्धा भरवते.

हे सगळं अमेरिकेतलं आहे, हे आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे गाडीत असे बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं, आणि 2021 च्या व्हिंटेज गाड्यांच्या नियमांना तर गाडी मूळ रूपातच हवी. जुन्या विलीज जीपमध्ये डिझेल बसवून देणारे मिस्त्री आपल्याकडे कमी नाहीत, पण त्यांच्या कामाचं आरटीओत काय होतं यावर मी बोलत नाही.

तर टायर. मागचा टायर 28 इंच व्यासाचा धरा. परीघ 88 इंच. ताशी 60 मैल म्हणजे मिनिटाला 5,280 फूट. भागाकार केला की चाक मिनिटाला 720 फेरे घेतं. हा 720 आकडा डोक्यात ठेवा. आता क्राउन-पिनियनचा, म्हणजे मागच्या एक्सलमधल्या दातेरी जोडीचा, रेशो 4.11 असेल आणि गिअरबॉक्सचा वरचा गिअर सरळ, म्हणजे एकास एक असेल, तर इंजिन 2,960 आरपीएमवर फिरतंय. ताशी 75 मैलांना 3,700. बिनछताच्या गाडीत, उघड्या सायलेन्सरसह, तासभर हे सोसून दाखवा! तोच क्राउन 3.50 चा घेतला तर 60 मैलांना 2,520, आणि वर 0.70 चा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे एकास एकपेक्षाही वरचा गिअर, असेल तर 1,764. दोन मित्रांकडे तंतोतंत एकसारखं इंजिन असून एकाची गाडी हजार मैल हौसेने चालते आणि दुसऱ्याची गॅरेजमध्ये धूळ खाते, याचं कारण बहुतेक वेळा या गुणाकारात सापडतं.

आता एक्सल. इथे थोडं रेंगाळतो, कारण नवखे लोक इथेच फसतात. या फोर्डचा प्रोपेलर शाफ्ट उघडा नाही, जाड नळीत बंद आहे. गिअरबॉक्सच्या मागे एकच युनिव्हर्सल जॉइंट, आणि नळीचं मागचं टोक डिफरन्शियलच्या हाउसिंगला घट्ट बोल्ट केलेलं. चाकं गाडीला पुढे ढकलतात तो रेटा या नळीतून गिअरबॉक्सकडे आणि तिथून चासीला पोचतो. मागचा पाटा आडवा आहे. तो वजन पेलतो, रेटा घेत नाही. तुम्ही नवा गिअरबॉक्स आणला, नळी फेकली, उघडा शाफ्ट लावला. मग एक्सलला जागच्या जागी कोण धरणार? आणि ॲक्सिलरेटर दाबला की हाउसिंग स्वतःभोवती उलटं फिरू बघतं, त्याला कोण आवरणार? फोर्डने 1949 मध्ये उघडा शाफ्ट आणला तेव्हा मागे दोन लांब पाटे घातले, ते याचसाठी. तुम्हालाही लांब पाटे, नाहीतर फोर-लिंक किंवा लॅडर बार, म्हणजे एक्सलला चासीशी बांधणाऱ्या दांड्या, बसवाव्या लागणार. म्हणजे ‘फक्त गिअरबॉक्स बदलतोय’ म्हणणारा माणूस खरं तर अर्धी चासी बदलत असतो.

एक्सल कुठला? सगळे फोर्डच्या नऊ इंचीचं (हा क्राउनचा व्यास) नाव घेतात. 1957 पासून पुढे जवळजवळ तीस वर्षं तो बनला, पिनियनच्या आतल्या टोकालाही बेअरिंग आहे, मजबुतीला तोड नाही. पण त्याचा पिनियन क्राउनच्या मध्यापासून बराच खाली बसतो, त्यामुळे दातांचं घर्षण जास्त आणि थोडी ताकद तिथेच जाते. शिवाय वजनही आहे. अकराशे किलोच्या, तीनशेच्या आत अश्वशक्ती असलेल्या गाडीला फोर्डचा आठ इंची पुरून उरतो. नऊ इंची दिसायला भारी म्हणून घेणारे खूप आहेत, घेऊ देत.

गिअरबॉक्समध्ये तीन नावं कायम ऐकू येतात. जीएमचा (जनरल मोटर्सचा) टर्बो 350 ऑटोमॅटिक: तीन गिअर, साधा, दणकट, ओव्हरड्राइव्ह नाही. 1982 मध्ये आलेला 700आर4: पहिला 3.06, चौथा 0.70. यात एक केबल आहे, ती कार्बोरेटरला जोडतात. किक-डाउनची (जोरात ॲक्सिलरेटर दाबला की खालचा गिअर टाकणारी) केबल समजून ती कशीही अडकवू नका. थ्रॉटल किती उघडला त्यानुसार गिअरबॉक्सच्या आतलं ऑइल प्रेशर तीच ठरवते. कार्बोरेटरच्या लिव्हरवर तिचं भोक चुकीच्या जागी आलं तर प्रेशर कमी पडतं, आतल्या प्लेटा घसरतात आणि थोड्याच दिवसांत जळतात. तिसरा टी-5, पाच गिअरचा मॅन्युअल, फोर्ड मस्टँगमधला. त्याचा पहिला गिअर 3.35 चा आहे. हलक्या गाडीत त्याला 4.11 चा क्राउन जोडलात तर क्लच सोडेपर्यंत पहिला संपलेला असतो. 3.50 च्या आसपास राहा.

आता इंजिन. मूळचं फ्लॅटहेड, म्हणजे व्हॉल्व्ह हेडऐवजी ब्लॉकमध्ये असलेलं फोर्डचं व्ही-एट, ठेवावं का? दिसायला त्याच्याइतकं देखणं दुसरं नाही. पण त्याचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आतल्या बाजूला आहेत आणि जळलेला वायू बाहेर पडायला ब्लॉकमधूनच, पाण्याच्या जॅकेटमधून जातो. मधल्या दोन सिलिंडरांना मिळून एकच वाट. म्हणजे जी उष्णता सायलेन्सरमधून निघून जायला हवी तीच रेडिएटरवर येते. ही उणीव ओळखून इंजिनिअर झोरा आर्कुस-डंटॉव्ह आणि त्याचा भाऊ युरा यांनी फ्लॅटहेडसाठी ‘आर्डन’ हेड बनवली, व्हॉल्व्ह वर घेतले. गंमत पुढे आहे. हाच झोरा 1953 मध्ये जनरल मोटर्समध्ये गेला आणि वर्ष संपायच्या आत त्याने वरिष्ठांना टिपण लिहिलं: हॉट रॉडवाली तरुण मंडळी फोर्डवरच वाढलीत, त्यांना आपल्या शेव्हरले गाड्यांकडे वळवायचं तर वेगाचे सुटे भाग आपणच पुरवले पाहिजेत.

1955 मध्ये शेव्हरलेचं स्मॉल ब्लॉक हे व्ही-एट इंजिन आलं. 265 घन इंच, 162 अश्वशक्ती, आणि कंपनीच्या स्वतःच्या सहा सिलिंडर इंजिनापेक्षा हलकं. पातळ भिंतींचं ओतकाम, पत्र्याचे ठोकलेले रॉकर. पुढे 283, 327, 350 असं वाढत गेलं तरी गिअरबॉक्स बसतो ती मागची बोल्टांची रचना तीच राहिली. फक्त 1986 पासून क्रँकच्या मागच्या फ्लँजचं बोल्ट सर्कल लहान झालं, तेव्हा भंगारातून फ्लायव्हील उचलताना इंजिनाचं साल विचारून घ्या.

मग सगळ्यांनी शेव्हीच, म्हणजे शेव्हरलेचंच इंजिन, घालावं? इथे डिस्ट्रिब्युटर आडवा येतो. फ्लॅटहेडचा पुढे असतो, म्हणून 1932 च्या फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या पत्र्याला, मागे जागा सोडायची गरजच नव्हती. शेव्हीचा अगदी मागे. मग एकतर फायरवॉल कापून आत ढकला, नाहीतर इंजिन पुढे घ्या आणि पंखा रेडिएटरला चिकटवा. फोर्डच्या 302 घन इंची व्ही-एटचा डिस्ट्रिब्युटर पुढे आहे, वजनही कमी. पण पॅसेंजर गाड्यांतल्या बऱ्याच 302 चं ऑइल चेंबर पुढच्या बाजूला खोल असतं आणि ते नेमकं चासीच्या पुढच्या क्रॉसमेंबरवर (आडव्या पट्टीवर) येतं. मागे खोल असलेलं चेंबर शोधावं लागतं. तरी माझं मत 302 आणि टी-5 ला. जीएमच्या नव्या एलएस इंजिनांना डिस्ट्रिब्युटरच नाही, तो प्रश्न मिटतो, वायरिंग आणि कॉम्प्युटरचा सुरू होतो. ज्याला ते जमतं त्याने जरूर घालावं.

आणि इंजिन-गिअरबॉक्स टेकतात ते माउंट वेल्ड करायची घाई करू नका. रिकामा ब्लॉक, हेड आणि गिअरबॉक्सची रिकामी केसिंग चासीत ठेवा, मागे तीनेक अंश उतार द्या, पिनियनचा अक्ष गिअरबॉक्सच्या शाफ्टला समांतर आणा. मग बॉडी, रेडिएटर आणि स्टिअरिंगची दांडी बसवा. डाव्या बाजूचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तिच्यावर आदळतो हे तेव्हाच कळतं. तोवर फक्त टॅक, म्हणजे वेल्डिंगचे छोटे ठिपके, मारून ठेवा.