साखरझोपेची राखण

(इंदूरमध्ये विद्यार्थी आणि पालकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. इंदूरकरांपुढे झोपेवर बोलायचं म्हणजे धाडसच. सराफ्यात सोन्याची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांपुढे भुट्ट्याचा कीस आणि गराडू सुरू होतात. अशा गावाला ‘लवकर निजा’ असं मी कोणत्या तोंडानं सांगू? मी तर रात्रीच कामाला जाते. लोक झोपतात आणि मी बघत बसते. माझं लग्न ठरताना सासूबाईंनी विचारलं होतं, “म्हणजे रखवालदारीच ना?” त्यांचं फार काही चुकलं नव्हतं.

हे काम करणाऱ्याला स्लीप टेक्नॉलॉजिस्ट म्हणतात. मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल, हनुवटीचा आणि पायांचा ताण, हृदयाचे ठोके, नाकातली हवा, छाती-पोटाचे पट्टे, बोटावर ऑक्सिजनचा चिमटा असं सगळं रात्रभर एकत्र नोंदवायचं. याचं नाव पॉलिसोम्नोग्राफी. मशीन चालवायला पंधरा दिवसांत येतं. वेळ लागतो तो हातांना आणि डोळ्यांना.

हातांपासून सांगते. पहिले कित्येक दिवस आम्ही फक्त डोकी मोजली. नाकाच्या मुळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत टेप धरायची, त्या लांबीचे दहा टक्के, वीस टक्के काढायचे आणि इलेक्ट्रोड, म्हणजे लहरी टिपणाऱ्या तारांची टोकं, जिथे लावायची तिथे पेन्सिलीनं खुणा करायच्या. एकमेकांची डोकी मोजून झाली, मग घरच्यांची. पुढे खरे पेशंट आले आणि पहिल्याच काकू चंपी करून आल्या! “अगं, तेल घातल्याशिवाय मला झोप लागत नाही.” आता तेलावर इलेक्ट्रोड टिकतो होय? त्वचेचा विजेला होणारा अवरोध पाच किलोओमच्या खाली आणायचा असतो. काकूंचा भांग पाडून जागोजागी घासत बसले, तासभर गेला. त्या तासात गप्पा मारता आल्या पाहिजेत, हे कुठल्याही अभ्यासक्रमात शिकवत नाहीत. अंगावर वीसेक तारा लावलेल्या माणसाला अनोळखी खोलीत झोप येते ती त्या गप्पांवर.

डोळ्यांचं शिक्षण त्याहून लांब. रेकॉर्डिंगचं एक पान तीस सेकंदांचं, म्हणजे आठ तासांची ९६० पानं. प्रत्येक पानाला जाग, एन-१, एन-२, एन-३ (हलक्या झोपेपासून गाढ झोपेपर्यंतच्या पायऱ्या) किंवा आरईएम (डोळे जलद हलतात ती झोप) यांपैकी एक नाव द्यायचं. हल्ली सॉफ्टवेअर ते देतं, पण तपासायचं कोणी? मी शिकाऊ होते तेव्हाची गोष्ट. मे महिना, खोलीतला एसी बंद पडलेला. पडद्यावर मोठ्ठ्या संथ लाटा आल्या. मी खुशीत लिहीत सुटले, एन-३, एन-३, गाढ झोप! सिनियरनी मागे उभं राहून विचारलं, “व्हिडिओ बघितलास का? गृहस्थ घामाघूम झालेत.” त्या लाटा घामाच्या होत्या. तेव्हापासून लहर दिसली की मी आधी विचारते, ही झोप आहे की तार, घाम, की विजेचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट?

हा संशय जुनाच आहे. शिकागोत यूजीन असेरिन्स्की या संशोधक विद्यार्थ्यानं झोपलेल्या मुलाच्या डोळ्यांच्या जलद हालचाली कागदावर पाहिल्या, तेव्हा त्यालाही आधी मशीनच बिघडलंय असं वाटलं होतं. खात्री करून घेतल्यावर त्यानं आणि त्याचे मार्गदर्शक क्लाइटमन यांनी १९५३ साली ते प्रसिद्ध केलं. तीच ही आरईएम झोप.

आणि ती मोठ्या प्रमाणात येते कधी, तर रात्रीच्या शेवटच्या तिसऱ्या भागात. आपल्या आज्या जिला साखरझोप म्हणायच्या, तीच वेळ. त्या वेळी स्नायू सैल पडतात, घशाचेही. म्हणून ज्याचा श्वास झोपेत अडतो त्याचा तेव्हा जास्त अडू शकतो. एका ठिकाणी मी काम करायचे, तिथे खाट रिकामी करायची म्हणून पहाटे चारला तारा काढायला सांगत. त्यावरून ‘आजार सौम्य’ असा रिपोर्ट गेला तर त्याला काय अर्थ? आपल्यालाही नेमकी तेव्हाच पेंग येते, आणि नेमकं तेव्हाच जागं राहायचं असतं. श्वास किमान दहा सेकंद अडला तर तो मोजायचा. तासाला असे प्रसंग तीसपेक्षा जास्त झाले की आजार तीव्र. घोरणाऱ्याला ‘काय गाढ झोपलाय’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

शिक्षणाचे रस्ते विचाराल, तर आपल्याकडे बरेच जण श्वसनोपचार, ईईजी (मेंदूच्या लहरींची तपासणी) किंवा नर्सिंगकडून इकडे वळतात. आरपीएसजीटी ही स्लीप टेक्नॉलॉजिस्टसाठी अमेरिकेतल्या मंडळाची परीक्षा आहे. जमली तर जरूर द्या, पण आधी रात्री काढा. आणि आई-वडिलांनो, मुलगी रात्री कामाला जाणार म्हणून नाही म्हणू नका. न्यायला-आणायला गाडी आहे का, ते मात्र नोकरी घेतानाच विचारा.

बाकीचं मोजता-मोजता बोलू. टेप आणि पेन्सिल आणलीय, ज्यांना हात चालवून बघायचाय त्यांनी थांबा. डोकं कोण देतंय? तेल लावून आला असाल तर आधी तुम्हीच या.