थांबे काढून टाकलेला रस्ता

(दृश्य : अंधारी खोली. मोबाइलच्या उजेडात फक्त एक अंगठा दिसतो. खालून वर, खालून वर.)

रात्रीचे दीड वाजलेत. हा अंगठा माझा आहे. अकराला आडवा झालो आणि सकाळचा गजर लावायला म्हणून फोन हातात घेतला. गजर लावायचा राहूनच गेला.

या अडीच तासांत काय पाहिलंस, असं आत्ता कुणी विचारलं तर चार गोष्टीही धड सांगता येणार नाहीत. कुणीतरी कुणावर तरी ओरडत होतं. एक इमारत जळत होती, तिच्या पाठोपाठ मांजराचं पिल्लू आलं, मग एका ओळखीच्या माणसाच्या निधनाची बातमी, आणि तिच्या लगेच खाली बुटांची जाहिरात. प्रत्येकाच्या वाट्याला माझे तीन-चार सेकंद आले. त्या गेलेल्या माणसाच्याही.

हा माहितीपट करायला घेतला तेव्हा मला वाटत होतं, विषय माणसं बिघडण्याचा आहे. लोक उथळ झाले, चिडके झाले, कशावरही विश्वास ठेवायला लागले, असं आपण येता-जाता म्हणतोच. पण जुन्या नोंदी वाचत गेलो, ही यंत्रणा ज्यांनी बांधली त्यांचेच कबुलीजबाब ऐकत गेलो, तेव्हा लक्षात आलं की मी रस्त्यावरच्या माणसांकडे बघत बसलो होतो. रस्त्याकडे बघितलंच नव्हतं. या रस्त्यावर आधी थांबे होते. ते एकेक करून काढले गेले.

(दृश्य : जुना, जाडजूड मॉनिटर. पानाच्या तळाशी ‘पुढील पान’ अशी अक्षरं. त्यावर बाण येऊन थबकतो.)

फेसबुक सुरू झालं फेब्रुवारी २००४ मध्ये. पहिली अडीच वर्षं तिथं आजच्यासारखी आपोआप वाहत येणारी यादी नव्हती. मित्राचं काय चाललंय हे बघायचं तर त्याच्या पानावर जावं लागायचं. म्हणजे आधी त्याची आठवण यायला हवी, मग त्याचं नाव टाइप करायला हवं. एखाद्याच्या दारात जाऊन हाक मारावी, तसं. सप्टेंबर २००६ मध्ये न्यूज फीड आली आणि सगळ्यांची दारं उचलून आपल्यासमोर आणून ठेवली गेली. तेव्हा लोक भडकले होते, हे आज कुणाला आठवत नाही. काही दिवसांत लाखो जण निषेधाच्या गटात सामील झाले. कंपनीच्या प्रमुखानं माफी मागितली, काही सोयी वाढवून दिल्या, आणि फीड राहिली ती राहिलीच.

त्याच वर्षी एझा रास्किन नावाच्या एका तरुण डिझायनरनं एक साधी सोय शोधून काढली. पान संपलं की ‘पुढील पान’वर क्लिक करायचा त्रास कशाला? खालचा मजकूर आपोआप येत राहू दे. हेतू चांगला होता, वाचणाऱ्याचे कष्ट वाचावेत एवढाच. पण त्यानं पानाचा तळच नाहीसा झाला. जेवताना ताट रिकामं झालेलं दिसतं म्हणून हात थांबतो. इथं ताट रिकामं होणंच बंद झालं. पुढे रास्किननं या शोधाबद्दल जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला. तोवर जगातल्या जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये ती सोय जाऊन बसली होती.

‘पुढील पान’ ही दोन अक्षरी-तीन अक्षरी शब्दांची जोडी मी या चित्रीकरणाच्या दिवसांत बराच वेळ बघत बसलोय. त्या दोन शब्दांपाशी माणूस क्षणभर का होईना, पण स्वतःला विचारायचा, अजून बघायचंय का? आता हा प्रश्न कुणी विचारत नाही.

(दृश्य : चौकात जमलेली हजारो माणसं, हातात उंचावलेले फोन. २०११.)

आज सगळंच वाईट दिसतं म्हणून तेव्हाची आशा खोटी होती, असं मी म्हणणार नाही. २०११ मध्ये कैरोच्या तहरीर चौकात माणसं जमली, त्यामागे पोलिसांच्या मारहाणीत मेलेल्या एका तरुणासाठी काढलेलं फेसबुकवरचं पान होतं. ते पान चालवणारा वाएल घोनिम तेव्हा म्हणाला होता, समाज मुक्त करायचा असेल तर इंटरनेट दिलं की पुरे. चार-पाच वर्षांनी त्याच माणसानं जगासमोर उभं राहून सांगितलं, की माझं चुकलं. ज्या साधनानं आम्हाला एकत्र आणलं, त्यानंच आमची शकलं केली. स्वतःचं सगळ्यात गाजलेलं वाक्य जाहीरपणे मागे घेणारी माणसं फार थोडी असतात. मला या सगळ्या प्रकरणात त्याच्याइतका आदर फार कमी जणांबद्दल वाटला.

(दृश्य : एक बटण. दाबलं जातं. परत दाबलं जातं.)

२००९ हे वर्ष लक्षात ठेवायला हवं. फेब्रुवारीत फेसबुकवर लाइकचं बटण आलं. नोव्हेंबरच्या सुमारास ट्विटरवर रिट्विटचं. त्याआधी दुसऱ्याचं ट्विट पुढे पाठवायचं तर ते कॉपी करायचं, आपल्या चौकटीत चिकटवायचं, पुढे त्याचं नाव लिहायचं. वीस-पंचवीस सेकंदांचं काम. तेवढ्या वेळात वाक्य पुन्हा एकदा डोळ्यांखालून जायचं. कधी तरी हात आखडायचा. बटणानं हे काम एका स्पर्शावर आणलं. ज्या गटानं ते बटण बनवलं त्याचा प्रमुख, ख्रिस वेदरेल, दहा वर्षांनी म्हणाला की आपण चार वर्षांच्या पोराच्या हातात भरलेलं हत्यार दिलं, असं आपल्याला वाटलं.

त्या हत्याराचं मोजमापही झालंय. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १,२६,००० बातम्या तपासल्या आणि २०१८ मध्ये निष्कर्ष छापले. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्के जास्त होती. पंधराशे लोकांपर्यंत पोचायला खऱ्या बातमीला खोटीच्या सहापट वेळ लागत होता. हे सगळं यंत्रांनी चालवलेल्या खात्यांमुळे असेल, असं वाटून त्यांनी ती खाती बाजूला काढून पाहिली. निष्कर्ष जागचा हलला नाही. खोटं जोरात पळवत होतो ते आपण. खोट्यात नवल असतं, किळस असते, धक्का असतो, आणि धक्का बसला की हात आधी उठतो. आपण पूर्वीही असेच होतो. पण पूर्वी हात उठला तरी पुढे काही पायऱ्या असायच्या.

यापुढची गोष्ट मला जास्त बोचते, कारण इथं साधेपणाची सबब चालत नाही. कुणापुढे काय मांडायचं हे ठरवणाऱ्या फेसबुकच्या गणितात २०१७ पासून रागाच्या चेहऱ्याला लाइकच्या पाचपट वजन दिलेलं होतं. प्रेमाच्या, हसण्याच्या, रडण्याच्या चेहऱ्यालाही तेवढंच होतं, हे खरं. पण राग कशावर येतो? ज्यावर रागाचे चेहरे जास्त, त्यात खोटी माहिती आणि विष जास्त, हे कंपनीच्या आतल्याच संशोधकांना दिसलं होतं. त्या चेहऱ्याचं वजन शून्यावर यायला सप्टेंबर २०२० उजाडलं. मधली तीन वर्षं जगभर कोट्यवधी माणसांपुढे काय मांडायचं, ते या गणितानं ठरत होतं. बाहेरच्या जगाला हे कळलं २०२१ मध्ये, तिथंच काम केलेल्या फ्रान्सिस हौगेन यांनी आतली कागदपत्रं उघड केली तेव्हा.

(दृश्य : नदीकाठचा चिखल. ओझी डोक्यावर घेतलेल्या माणसांची लांबच लांब रांग. निवेदन थोडा वेळ थांबतं.)

म्यानमारमध्ये बहुतेकांच्या दृष्टीनं इंटरनेट म्हणजेच फेसबुक होतं. तिथं रोहिंग्यांविरुद्ध जे लिहिलं जात होतं, ते वाचून रोखायला २०१५ च्या सुरुवातीला बर्मी भाषा येणारी किती माणसं कंपनीकडे होती? दोन. ऑगस्ट २०१७ नंतर सात लाखांहून जास्त रोहिंग्या देश सोडून बांगलादेशात पळाले. गावं जाळली गेली होती. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन पथकाच्या प्रमुखांनी सांगितलं, की या द्वेषात समाजमाध्यमांचा वाटा निर्णायक होता. नोव्हेंबर २०१८ मध्ये फेसबुकनं मान्य केलं, की आपण पुरेसं केलं नाही.

कत्तली फोनच्या आधीही झाल्यात, आणि तिथला द्वेष जुनाच होता. पण अफवेला पूर्वी गावोगाव चालत जावं लागायचं. वाटेत तिला एखादा शहाणा माणूस भेटायचा, जो म्हणायचा, थांबा, मी त्यांना ओळखतो.

(दृश्य : फोनच्या पडद्यावर राखाडी रंगाची एक छोटी ओळ. अक्षरं अंधुक केलेली.)

आता माझी गोष्ट. ती वगळून हे निवेदन पुरं करणं मला जमलं नाही.

शाळेतल्या आमच्या तुकडीचा एक ग्रुप होता. चौतीस जण. पंचवीस वर्षांनी सगळे सापडलो म्हणून पहिले सहा महिने नुसता आनंद. वर्गाचा फोटो, बाकांवरची नावं, कुणाला कुठल्या शिक्षकांनी कसं झोडपलं. हळूहळू आठवणी संपल्या आणि फॉरवर्ड सुरू झाले. एके दिवशी दुपारी एकानं एक लांबलचक मजकूर टाकला. एका समाजाबद्दल होता. त्या समाजातला एक जण आमच्या त्या चौतिसांत होता. पाचवी ते आठवी आम्ही दोघं एका बाकावर बसलेलो. मला ताप आला की माझी वही तो लिहून ठेवायचा.

मी त्या वेळी रांगेत उभा होतो. ‘आणखी वाचा’ असं लिहिलेलं होतं, तिथवरही गेलो नाही. वरच्या दोन ओळी पाहिल्या, आणि मजकूर टाकणारा जवळचा मित्र म्हणून खाली अंगठा उमटवला. आणखी अकरा जणांनी उमटवला.

संध्याकाळी फोन उघडला तर ती राखाडी ओळ होती. त्यानं ग्रुप सोडला होता. भांडला नाही, एक शब्द लिहिला नाही. मग मी तो मजकूर पूर्ण वाचला. तोपर्यंत खाली कुणाच्या तरी वाढदिवसाच्या चाळीस शुभेच्छा जमल्या होत्या आणि ती ओळ वर वर सरकत दिसेनाशी झाली होती.

मी त्याला काही कळवलं नाही. उद्या लिहू म्हटलं. सहा वर्षं झाली.

(दृश्य : शाळेच्या दप्तराला अडकवलेला फोन.)

मुलांबद्दल फार बोलत नाही. एकच सांगतो. ब्रिटनमध्ये १४ वर्षांच्या एका मुलीनं २०१७ मध्ये आयुष्य संपवलं. शेवटच्या सहा महिन्यांत तिनं जपून ठेवलेल्या, लाइक केलेल्या, पुढे पाठवलेल्या गोष्टींपैकी २,१०० निराशेशी आणि स्वतःला इजा करण्याशी संबंधित होत्या. त्यातल्या कितीतरी तिनं शोधल्याही नव्हत्या, त्या तिच्यापुढे आणून ठेवल्या गेल्या होत्या. २०२२ मध्ये चौकशी अधिकाऱ्यांनी नोंदवलं, की तिच्या मृत्यूला हा मजकूरही कारणीभूत आहे. दुःखी मुलीला आणखी दुःख वाढत राहणारं हे यंत्र आहे, आणि त्याला ती दुःखी आहे हे कळत नाही. ती थांबलीय, बघतेय, एवढंच कळतं. ऑस्ट्रेलियानं डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांची खाती बंद करायला लावली. त्याचा किती उपयोग होतो ते दिसेलच, पण निदान एका देशानं मध्ये उभं राहून हात आडवा केला.

थांबे परत बसवता येतात, याचा दाखला आहे. एप्रिल २०२० मध्ये व्हॉट्सॲपनं अनेकदा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. कंपनीनंच सांगितलं, की अशा मेसेजांची धाव ७० टक्क्यांनी घटली. कुणाचं बोलणं बंद केलं नाही. फक्त दर वेळी आणखी एकदा बोट लावायला लावलं. तेवढ्यानं एवढा फरक पडतो, तर हे आधीच का नाही केलं, हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

आणि २०१८ मध्ये अमेरिकेत अभ्यासकांनी काही लोकांना चार आठवडे फेसबुक बंद ठेवण्याचे पैसे दिले. त्यांना दिवसाचा जवळजवळ तास मोकळा मिळाला. त्यातला काही वेळ टीव्हीपुढे गेला, काही घरच्यांबरोबर आणि मित्रांबरोबर. बातम्या त्यांना कमी कळल्या, पण विरोधी मतांबद्दलची कडवटपणाची धारही बोथट झाली. मन थोडं हलकं झालं. थोडंच, फार नाही. मुदत संपल्यावरही त्यांच्यातले बरेच जण पूर्वीइतके परतले नाहीत.

(दृश्य : स्क्रीनवर अनोळखी चेहरे भराभर येतात आणि जातात.)

२०२५ मध्ये फेसबुक आणि इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटा कंपनीवर अमेरिकेत मक्तेदारीचा खटला चालला. तिथं कंपनीनं आपल्या बचावात एक आकडा मांडला. फेसबुकवर लोक जेवढा वेळ घालवतात, त्यातला मित्रांनी टाकलेल्या गोष्टी बघण्यात जातो १७ टक्के. इन्स्टाग्रामवर ७ टक्के. मी तो आकडा दोनदा वाचला. आपण इथं आलो ते आपल्या माणसांसाठी. आता इन्स्टाग्रामवर शंभरातली त्र्याण्णव मिनिटं आपली माणसं नसतात, आणि हे सांगणारे आरोप करणारे नव्हते, चालवणारे होते.

(दृश्य : पुन्हा तीच खोली. आता दिवसाचा उजेड. तोच फोन, तोच अंगठा. पडद्यावर एक नंबर.)

हे निवेदन लिहून झाल्यावर मी त्या बाकावरच्या मित्राचा नंबर मिळवला. लिहून पाठवावं असं आधी वाटलं. तीनदा टाइप केलं, तीनदा पुसलं. मग फोनच लावला.

चौथ्या-पाचव्या रिंगला त्यानं उचलला. “कोण बोलतंय?”

माझा नंबर त्याच्याकडे नव्हता. मी नाव सांगितलं. आडनावासकट सांगावं लागलं.

पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मागे कुठेतरी पंखा फिरत होता, तो ऐकू येत होता. मी फोन कानाला तसाच धरून ठेवला.

मग तो म्हणाला, “बोल.”