काँक्रीटचे त्रिकोण

श्रोतेहो, नमस्कार. 2017 च्या एप्रिलमध्ये दिल्लीच्या प्रगती मैदानावरील ‘हॉल ऑफ नेशन्स’ जमीनदोस्त झाला, तेव्हा देशपरदेशांतील वास्तुरचनाकार हळहळले. पण तिथल्या प्रदर्शनांना वर्षानुवर्षे मुलाबाळांसह जाणाऱ्यांपैकी किती जणांना ती हळहळ उमगली असेल, याची मला शंकाच आहे.

स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, 1972 मध्ये भरलेल्या ‘एशिया 72’ या व्यापारप्रदर्शनासाठी वास्तुकार राज रेवाल आणि संरचना अभियंते महेंद्र राज यांनी हे दालन रचले: त्रिकोणाला त्रिकोण जोडून उभा केलेला त्रिमितीय सांगाडा. असा सांगाडा एरवी पोलादी नळ्यांचा करतात. परंतु त्या काळी पोलाद महाग आणि मनुष्यबळ मुबलक असल्यामुळे तो काँक्रीटमध्ये, जागेवरच साचे बांधून ओतला गेला आणि आतली सुमारे 78 मीटर रुंदीची जागा एकाही खांबाविना मोकळी राहिली. वास्तुकाराच्या नजरेला टंचाईतून काढलेली ही वाट दिसते. प्रदर्शनाला आलेल्या माणसाला मात्र गिलावा नाही, रंग नाही, पावसाने काळवंडलेले नुसते त्रिकोण दिसतात, आणि हे काम अर्धवटच राहिले की काय, असे त्याला वाटले तर त्याला अरसिक कसे म्हणावे?

याउलट मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस घ्या. फ्रेडरिक स्टीव्हन्स यांच्या या इमारतीचे काम 1878 मध्ये सुरू झाले. लोकल गाठायला धावणारा प्रवासी तिच्या कमानींकडे मान वर करून क्वचितच पाहतो (त्याचे डोळे इंडिकेटरवर असतात), तरीही घुमट, दगडी प्राणी आणि घड्याळ यांमुळे तिची ओळख पटायला त्याला कुणी समजावून सांगावे लागत नाही.

हॉल ऑफ नेशन्स समजावून सांगावा लागत होता, आणि इथे दोष मी वास्तुकारांच्या पदरातही घालतो. ही मंडळी इमारतींविषयी बोलतात ती बहुधा एकमेकांशी. तिकीट काढून फाटकातून आत येणाऱ्याशी बोलायचे राहूनच जाते. मग इमारतीवर हातोडा पडण्याची वेळ आली की निवेदने निघतात, न्यायालयात धाव घेतली जाते आणि रस्त्यावरचा माणूस त्रयस्थासारखा पाहत राहतो.

दिल्लीच्या वारसा समितीनेही जुनी वास्तू म्हणजेच वारसा, ही सर्वसामान्यांची नजर जणू नियमात बसवली होती: 60 वर्षे पूर्ण झालेल्या इमारतींचाच विचार होईल, अशी तिची भूमिका होती. हॉल ऑफ नेशन्सला 60 वर्षे 2032 मध्ये झाली असती.