संक्रांत पुढे का सरकते?

बीड-लातूरकडे संक्रांतीला सुगडं पुजतात. त्यात उसाची कांडी, बोरं, गाजर, हरभऱ्याचे घाटे. रानात त्या दिवसांत जे आलंय ते. तारीख १४ किंवा १५ जानेवारी. पण १८६३ साली संक्रांत १२ जानेवारीला होती. स्वामी विवेकानंद जन्मले तो हाच दिवस.

तारीख सरकवली ती चंद्र-सूर्याने.

पृथ्वी अगदी गोल नाही. स्वतःभोवती फिरून ती विषुववृत्तापाशी फुगलीय. तिथला व्यास ध्रुवांमधल्या व्यासापेक्षा सुमारे ४३ किलोमीटरने जास्त. आस साडेतेवीस अंशांनी कललेली, म्हणून फुगवटाही तिरका. चंद्र-सूर्य तो आपल्याकडे ओढतात, जणू पृथ्वीला सरळ उभं करायचंय. ती उभी राहत नाही. भोवरा कलला की गुरुत्वाकर्षण त्याला पाडू बघतं, पण तो न पडता डोकं गोल घुमवतो. पृथ्वीचंही तेच, फक्त जोर पाडण्याचा नसून उभं करण्याचा, म्हणून तिची आस स्वतःच्या फिरण्याच्या उलट दिशेने घुमते. एक फेरा सुमारे २६,००० वर्षांचा. या ओढीत चंद्राचा वाटा सूर्याच्या दुप्पट. तो लहान खरा, पण जवळ आहे.

पंचांगवाले यालाच अयनचलन म्हणतात: साधारण ७२ वर्षांत एक अंश. संक्रांत ताऱ्यांवरून ठरते, ऋतू आसेच्या कलावरून, आणि जानेवारी-डिसेंबरचं कॅलेंडर चालतं ऋतूंना धरून. म्हणून सूर्य उत्तरेकडे वळतो २१-२२ डिसेंबरला, आणि संक्रांत येते तीन आठवड्यांनी. पाचव्या शतकात, अजिंठ्याला वाकाटकांच्या काळातली लेणी कोरली जात होती तेव्हा, आजच्या पंचांगाच्या हिशेबाने या दोन्हींत जेमतेम दोन-तीन दिवसांचं अंतर होतं. अयनचलन इतकं ठोस दाखवणारं दुसरं उदाहरण मला तरी सापडत नाही.

घुमता घुमता आस किंचित डुलतेही, १८.६ वर्षांच्या तालावर. चंद्राची कक्षा कललेली आहे आणि तिच्या कलाची दिशा तेवढ्या काळात एक फेरी पुरी करते. हे डुलणं इंग्रज खगोलशास्त्रज्ञ जेम्स ब्रॅडली यांनी १७४८ साली जाहीर केलं.

दुसऱ्याच्या ओढीने असाच हलतो शनीचा चंद्र एन्सेलाडस. व्यास अवघा ५०० किलोमीटर, वर बर्फाचं कवच. तो शनीकडे एकच बाजू ठेवून फिरतो, पण कक्षा किंचित लंबगोल असल्याने शनीच्या ओढीने मागेपुढे झुलतो. शनीभोवती फिरलेल्या कॅसिनी यानाच्या अनेक वर्षांच्या छायाचित्रांवर खड्ड्यांच्या जागा एकेक करून मोजल्या गेल्या. झोका निघाला ०.१२ अंशांचा. इवलासा, तरीही अपेक्षेपेक्षा कितीतरी मोठा. कवच आतल्या खडकाला चिकटलेलं असतं तर ते इतकं हललंच नसतं. बर्फ आणि खडक यांच्यामध्ये, साऱ्या एन्सेलाडसभर, पाण्याचा समुद्र आहे.