हजाराचे बाराशे, तरीही नकार

[दृश्य: कोरा कागद, पेन्सिल, साधा कॅल्क्युलेटर]

एका कंपनीपुढे प्रस्ताव आला आहे. आज 1000 गुंतवायचे आणि पुढची तीन वर्षं दर वर्षाअखेरीस 400 मिळवायचे. एकूण 1200. वरवर पाहता 200 चा फायदा. करायची का सही?

घाई नको. वर्षभरानं हाती येणारे 400 हे आजचे 400 नव्हेत. तेवढ्याच जोखमीवर हा पैसा दुसरीकडे 10 टक्क्यांनी वाढणार असेल, तर दर वर्षासाठी एकदा 1.1 नं भागायचं: पहिल्या वर्षीच्या 400 चं आजचं मोल 363.6, दुसऱ्या वर्षीच्या 400 चं 330.6 आणि तिसऱ्या वर्षीच्या 400 चं 300.5.

[दृश्य: कागदावर बेरीज – 994.7]

हजाराला पाच कमीच पडले. प्रस्ताव नामंजूर.

आता दर 9 टक्के धरून तीच आकडेमोड करा. बेरीज येते 1012.5, आणि नकाराचा होकार होतो! कॉर्पोरेट फायनान्स शिकायला बसलेल्या प्रत्येकानं हे गणित एकदा तरी हातानं सोडवावं. एक टक्का केवढा मोठा असतो, ते तेव्हाच कळतं.

हा दर येतो कुठून? परीक्षेत तो प्रश्नातच दिलेला असतो. कंपनीत मात्र तो शोधावा लागतो. भागधारकांना किती परतावा हवा, कर्जावर व्याज किती, त्यातून कर किती वाचतो, आणि भांडवलात कर्ज किती नि भागभांडवल किती, यांवरून सरासरी काढतात. तीही कंपनीच्या नेहमीच्या धंद्यापुरतीच. नवा प्रकल्प जास्त धोक्याचा असेल, तर दरही चढा हवा.

मग स्वस्त कर्ज भरपूर घेतलं, की कंपनीचं मूल्य वाढेल? 1958 साली फ्रँको मोदिग्लियानी आणि मर्टन मिलर या अर्थतज्ज्ञांनी दाखवून दिलं, की कर नसेल, दिवाळखोरीचा खर्च नसेल आणि माहिती सगळ्यांना सारखीच असेल, तर कर्ज आणि भागभांडवल यांचं प्रमाण बदलून मूल्य बदलत नाही. पहिल्या वाचनात हे पटत नाही. पण यातली एकेक अट काढून पाहा. कर आला, की व्याजावरची करसवलत कर्जाच्या बाजूनं बोलू लागते. दिवाळखोरीची धास्ती आली, की तेच कर्ज डोईजड होतं. खरा अभ्यास इथेच होतो.

[दृश्य: आकाशात झेपावणारं कॉन्कॉर्ड]

आता गुंतवायच्या 1000 कडे वळू. संशोधनावर आधीच खर्च झालेला पैसा यात धरायचा नाही, कारण होकार द्या वा नकार, तो परत येणार नाही. ब्रिटन आणि फ्रान्सनं 1962 मध्ये कॉन्कॉर्ड या आवाजाहून वेगवान प्रवासी विमानाचा करार केला. खर्च अंदाजाच्या कितीतरी पट वाढला, तरी काम चालू राहिलं. 1976 मध्ये प्रवासी सेवा सुरू झाली, पण विमान कंपन्यांकडे गेली जेमतेम 14 विमानं. बुडीत खर्चाचं उदाहरण म्हणून आजही कॉन्कॉर्डचंच नाव घेतलं जातं.

[दृश्य: पुन्हा कागद, 400 या आकड्याभोवती वर्तुळ]

राहिले 400. हा आकडा नफ्याचा आहे की रोखीचा? उधारीवर माल विकला, की नफा लगेच दिसतो, पैसा मात्र सवडीनं येतो. घसाऱ्याचं, म्हणजे यंत्रांच्या झिजेपोटी धरलेल्या खर्चाचं, उलट असतं: खर्च नोंदला जातो, पण रोख बाहेर जात नाही. म्हणून धरायची ती रोखच. शिवाय हा अंदाज कुणी बांधला, तेही विचारा. बहुतेक वेळा ज्याला प्रकल्प हवा असतो, त्यानंच. दर 9 टक्केच ठेवा आणि 400 च्या जागी 390 लिहा. बेरीज 987 वर येते.