छडीचा सपकारा आणि घुबडाचं पीस

श्रोतेहो, नमस्कार.

घरात वेताची छडी असेल तर ती हवेत सपकन फिरवून बघा. कुणाच्या अंगावर नको, नुसती हवेत. 'सुईं' करून वाजते ना? छडी कशावर आपटली तर नाही, मग वाजलं काय?

चेक शास्त्रज्ञ स्ट्रोहाल यांनी 1878 साली ताणलेल्या तारा हवेत गरगर फिरवून हेच तपासलं. त्यांना दिसलं, की तार किती ताणली आहे यावर सूर ठरत नाही. ठरतो तो तारेच्या वेगावर आणि जाडीवर. वेगाला जाडीने भागायचं आणि 0.2 ने गुणायचं, झालं. पाच मिलिमीटर जाडीची छडी सेकंदाला 25 मीटर वेगाने फिरवली, तर सेकंदाला सुमारे 1000 कंपनं येतात.

नदीला पाणी असलं, की पुलाच्या खांबामागे भोवरे सुटताना दिसतात. एक डावीकडून, एक उजवीकडून. छडीमागे हवेचेही तसेच सुटतात. प्रत्येक भोवऱ्यासरशी छडीवरचा दाब इकडून तिकडे झुलतो, आणि तो झोका आपल्या कानापर्यंत येतो. छडीनं स्वतः थरथरायची गरजच नाही.

गंमत पुढे आहे. वेग दुप्पट केला, तर हा आवाज दुप्पट होत नाही. त्याची शक्ती जवळजवळ 64 पट होते! जपानच्या बुलेट ट्रेनला हेच नडलं. ताशी 300 किलोमीटर वेगात छपरावरचा पँटोग्राफ, म्हणजे विजेच्या तारेला टेकणारा सांगाडा, किंचाळायला लागला. एइजी नाकात्सु हे तिथले अभियंते, आणि छंद पक्षीनिरीक्षणाचा. त्यांनी धडा घेतला घुबडाकडून.

आपल्याकडचं गव्हाणी घुबड घ्या. त्याच्या पंखाच्या पुढच्या कडेला फणीसारखे दाते, वर मखमल आणि मागच्या कडेला मऊ झालर. पंखाची मागची कड सरळ, कडक असली, की हवेची खळबळ तिथून सुटताना जास्त गोंगाट करते. झालरीमुळे तो दबतो. पँटोग्राफच्या बाजूंना तसे बारीक दाते बसवले, आणि 1997 मध्ये 500 मालिकेची गाडी धावू लागली.

आणि मासेमार घुबड? त्याच्या पंखांना ही फणी नाही, झालर नाही. उडताना खुशाल वाजतं. पाण्याखालच्या माशाला कुठं ऐकू जातंय!