गाडीतली गाणी कोणासाठी?

नमस्कार, श्रोतेहो. सुट्टी लागली की आपल्याकडच्या गाड्या संध्याकाळी निघतात. ऊन टळू दे, चहा होऊ दे, मग निघू. म्हणजे अर्धी वाट उजेडात, अर्धी अंधारात. डबे भरतो, पाणी भरतो, आणि गाण्यांचं वाटेत बघू म्हणतो. तसं करू नका. गाणी घरूनच निवडून घ्या, आणि गाडी चालवणाऱ्यासाठी निवडा. पुन्हा सांगते, गाडी चालवणाऱ्यासाठी. मागच्यांची आवड नंतर.

हे मला कसं कळलं, ते ऐका. मे महिना होता. वेंगुर्ल्याला लग्न, आम्ही चिपळूणहून निघालो. मी, माझी आत्या, दोन मुलं, आणि गाडी चालवायला ओळखीतला एक मुलगा, मूळचा कुडाळकडचा. मी दोन दिवस बसून पेनड्राइव्ह भरला होता. सगळी निवांत भावगीतं, एकाहून एक गोड. संगमेश्वरचा पूल ओलांडेपर्यंत गाडीत आनंदीआनंद. हातखंब्याला दिवे लागले. लांजा सुटलं आणि मागे वळून पाहते तर मुलं एकमेकांवर कललेली, आत्याचं डोकं काचेला टेकलेलं. मला बरं वाटलं, मंडळी विसावली म्हणून. गाडी चालवणारा मुलगा मात्र डाव्या हाताने सारखी कानाची पाळी चिमटीत धरून ओढत होता. तो ताल धरतोय असं मला वाटलं.

मग डावी चाकं डांबर सोडून खडीवर गेली. करकर असा आवाज आला. त्याने गाडी सावरली, पण माझे हात गार पडले. राजापूरच्या अलीकडे एका टपरीपाशी थांबलो. त्याने तोंडावर पाण्याचे हबके मारले, चहा घेतला, थोडा वेळ गाडीबाहेर बसून राहिला. मग हळूच म्हणाला, "काकी, गाणी बरी आसत. पण माका झोप येता हा."

त्याने पुढच्या कप्प्यातून स्वतःचा पेनड्राइव्ह काढला. लाल दोऱ्याने बांधलेला. त्यात होती डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना. कुठल्याशा देवळासमोर कोणीतरी मोबाइलवर उतरवून घेतलेली, मध्येच माइक किंचाळतो, कुत्रं भुंकतं, वाटेतली मोटारसायकल हलवा म्हणून कोणी ओरडतं. पण बुवांनी आवाज लावला, पखवाजावर थाप पडली, झांजा मिळाल्या, आणि मुलाची पाठ ताठ झाली. मागून आत्याचा आवाज आला, "ह्यो बुवा बरो गाता रे!" तिचं सगळं लहानपण मालवणात गेलेलं. गजर सुरू झाला तशी ती कोरसात शिरली. मुलगा म्हणू लागला, मुलं उठून टाळ्या वाजवू लागली. खारेपाटण, तळेरे, कणकवली कधी मागे पडलं कळलं नाही. कुडाळला तर आत्या समोरच्या बुवांना उत्तर काय द्यायला हवं होतं ते त्याला समजावून सांगत होती.

वेंगुर्ल्याला पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. माणसं खळ्यात, म्हणजे अंगणात उभी. आम्ही मात्र दारं लावून गाडीतच बसलेले, कारण गजर अजून चालू होता आणि आत्या तो अर्ध्यावर बंद करू देईना.

वेळ थोडा उरलाय, भरभर सांगते. उन्हं कलताना ख्याल ऐकायला हरकत नाही. दक्षिणेकडे जाताना मावळता सूर्य उजव्या काचेतून आत येतो, त्या वेळी मारवा राग ऐका. पंचम म्हणजे प वर्ज्य, षड्ज म्हणजे सा, तोही क्वचित लागणारा, त्या वेळेची हुरहुर त्यात जशीच्या तशी आहे. अमीर खाँसाहेबांचा ऐका, वसंतराव देशपांड्यांचा ऐका. अंधार पडला की मात्र ठेक्याची आणि तोंडपाठ गाणी हवीत. ज्यात आपण तोंड उघडून सामील होतो, अशी. मग ती आरती असो, नमन असो की दशावतारातलं पद. आणि भजनात हल्ली जो इलेक्ट्रॉनिक पॅड घुसवतात, तो मला मुळीच मान्य नाही. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात, त्या घुमाऱ्याची सर त्या पॅडला येत नाही. आमच्या गावोगावच्या पखवाजवाद्यांना बिदागी वाढवून द्या, पण पॅड नको.

घाटात आवाज कमी करा. वळणापलीकडच्या ट्रकचा हॉर्न गाण्याच्या वर ऐकू आला पाहिजे. रेंज घाटात जाते, तेव्हा गाणी आधीच उतरवून घ्या. आणि झोप आली तर गाडी थांबवा. पुन्हा सांगते, झोप आली तर गाडी थांबवा. डबलबारीने आमचा मुलगा हुशारला खरा, पण आधी तो थांबला होता, हे विसरू नका.

किनाऱ्याच्या रस्त्याने जाणार असाल, तर दाभोळला म्हणा, जयगडला म्हणा, फेरीबोटीवर गाडी चढली की गाणं बंद करा, काचा खाली घ्या. खाडीचा वारा गाडी चालवणाऱ्याच्या तोंडावर येऊ द्या. पलीकडे उतरलात की पुढचं गाणं त्यालाच विचारून लावा. नमस्कार.